टांगा देतो, पण हाकणार नाही



चाळीसगाव हे नाव बहुतेकांना रेल्वेचे जंक्शन म्हणून ठाऊक असते. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या येथून जातात, धुळ्याचा फाटा येथूनच फुटतो. पण ज्याने त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आहे, त्याने हे नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवले पाहिजे. १९२९ साली याच स्टेशनवर परमपूज्य बाबासाहेबांना टांग्यासाठी तासभर ताटकळत ठेवण्यात आले, आणि नंतर जे घडले त्यात त्यांचा जीव जाता जाता वाचला. बाबासाहेबांनी स्वतः ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. आपण ती आपल्या मुलांना सांगतो, पण सांगताना तिच्यातला अर्धाच भाग सांगतो. आज उरलेल्या अर्ध्या भागाविषयी बोलायचे आहे.

हकीकत अशी. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एक समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे व आणखी एका सभासदाकडे आले होते. काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळे लाइनवरच्या एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता आणि त्याची पाहणी करायची होती. चाळीसगावच्या आपल्या माणसांनी आग्रह धरला की एक रात्र आमच्याकडे राहा. ते कबूल झाले. त्या गावी जाऊन परत आले तेव्हा स्टेशनवर मंडळी हार घेऊन उभीच होती. महारवाडा दोनेक मैलांवर, नदीच्या पलीकडे. स्टेशनबाहेर टांगे पुष्कळ. तरी तास गेला, कोणी हलेना. अखेर एक टांगा आला, बाबासाहेब बसले, बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे गेली. दोनशे पावले गेला नाही तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता राहिला. पुढे नदीच्या फरशीपाशी रस्ता काटकोनात वळतो. तिथे घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा खाली नदीत कोसळला. बाबासाहेब बेशुद्ध झाले. महारवाड्यातली बाया-माणसे आक्रोश करीत धावली आणि त्यांना उचलून घेऊन गेली. पायाचे हाड मोडले होते. कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता येईना.

कारण मागाहून कळले. अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. बाबासाहेबांनी पायी यावे हे आपल्या माणसांना सहन होईना. मग तडजोड निघाली. टांगेवाला म्हणाला, टांगा भाड्याने देतो, पण हाकणार नाही. हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता.

बॅरिस्टर झालेल्या, सरकारी समितीवर बसलेल्या माणसापेक्षा एक टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजतो, हा या हकीकतीचा पहिला अर्धा भाग. तो आपल्याला पाठ आहे. तो सांगताना आपल्या डोळ्यांत पाणी येते, राग येतो, आणि यायलाच हवा. पण तो टांगेवाला कोण होता याचा विचार आपण करीत नाही. तो सावकार नव्हता, शास्त्री-पंडित नव्हता. दिवसभर स्टेशनवर उन्हात उभा राहून दोन पैसे मिळवणारा, घोड्याला चारा कसा आणावा या विवंचनेत असणारा गरीब माणूस होता. त्याच्याकडे सत्ता कसली होती? एवढीच, की त्याच्या खाली कोणीतरी होते. बाबासाहेबांनी जातीला पायऱ्या-पायऱ्यांची विषमता म्हटले ते यासाठीच. वरून लाथ खाणाऱ्यालासुद्धा खाली लाथ मारायला कोणीतरी राखून ठेवलेले असते, आणि म्हणून तो वरच्या लाथेविरुद्ध उठत नाही.

दुसरी गोष्ट त्या तडजोडीची. टांगेवाल्याने शिवी दिली नाही, दगड मारला नाही. टांगासुद्धा दिला. भाडे तर घेतलेच. फक्त लगामाला हात लावायचे नाकारले, कारण अस्पृश्याचा सारथी म्हणून गावाने त्याला पाहिले असते. नुकसान सोसायचे नाही, नाव खराब करून घ्यायचे नाही, आणि तरी आपण काही वाईट केले नाही असे म्हणायची सोय ठेवायची. असे टांगेवाले आज टांगे गेले तरी उरले आहेत. जयंतीला वर्गणी देतील, मिरवणुकीत फेटा बांधून पुढे चालतील, व्यासपीठावर समतेवर भाषण करतील, पण गावात आपल्या पोरांवर प्रसंग आला की साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही. टांगा घ्या, हाकणारा तुमचा आणा.

तर मग ज्याला जन्माने वरची पायरी मिळाली आहे त्याने काय करावे? हा प्रश्न भगवान बुद्धांच्या काळीही होता. त्याचे उत्तर विनयपिटकात एका साध्या गोष्टीत आले आहे. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे शाक्य कुळातले राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले. बरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. वाटेत त्यांनी अंगावरचे दागिने काढून उपालीला दिले आणि परत पाठवले. परत जाता जाता उपालीच्या मनात आले की हे दागिने घेऊन गेलो तर राजपुत्रांना मीच पळवले असे समजून शाक्य मला मारून टाकतील. त्याने दागिने झाडाला टांगले आणि तोही मागे आला. सगळे तथागतांपुढे उभे राहिले. तेव्हा राजपुत्रांनी काय मागितले? त्यांनी विनंती केली की या न्हाव्याला आधी दीक्षा द्या. म्हणजे संघात तो आमच्याहून ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल, आणि आमचा शाक्यपणाचा ताठा मोडेल. तथागतांनी तसेच केले.

हे नीट समजून घ्या. राजपुत्रांनी उपालीला 'आमच्याबरोबर ये, आम्ही तुला आमच्या बरोबरीचा मानतो' असे म्हटले नाही. तसे म्हणणारा वरच असतो. त्यानेच मान दिला, तो उद्या काढूनही घेईल. त्यांनी स्वतःला रांगेत मागे उभे केले, आणि ते एका दिवसापुरते नाही. संघाचा नियमच असा की ज्याची दीक्षा आधी, तो कायमचा ज्येष्ठ. सहभोजनाला एक दिवस मांडीला मांडी लावून बसणे आणि आयुष्यभर मागच्या रांगेत उभे राहणे यांत फार अंतर आहे. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत पाचशे भिक्खूंसमोर विनयाचे प्रश्न विचारले गेले ते याच उपालीला. न्हाव्याने सांगितलेला विनय सगळ्या संघाने स्वीकारला.

आपल्या चळवळीतही मागच्या रांगेत उभे राहणारी माणसे होऊन गेली. त्यांची नावे आपल्या नव्या पिढीला फारशी ठाऊक नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. महाडचे चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव तिथल्या नगरपालिकेने १९२४ साली केला. त्याआधी १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे व संस्था अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला होता. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत आभार मानायला उभ्या राहिलेल्या अनंतराव चित्रे यांनी सुचवले की आता बोलणे पुरे, सगळ्यांनी तळ्यावर जाऊ या. चित्रे कायस्थ. सुरबानाना टिपणीस कायस्थ, महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष, म्हणजे ज्या गावात तळे बाटले म्हणून घागरी ओतून ते शुद्ध करण्यात आले त्याच गावात त्यांना उद्या सकाळी उठून हिंडायचे होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव परिषदेपुढे कोणी मांडला? गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी. जातीने ब्राह्मण. मनुस्मृतीने ज्याला सगळ्यांच्या डोक्यावर बसवले, त्यानेच उठून ती जाळा म्हणावे! आणि डिसेंबरच्या त्या परिषदेच्या मंडपाला महाडात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली.

सत्याग्रहाच्या तयारीत असताना ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे आणि जवळकर यांनी एक अट घातली होती. आम्ही येऊ, पण तुमच्या चळवळीत ब्राह्मण कार्यकर्ते नकोत. बाबासाहेबांना माणसांची गरज होती, तरी त्यांनी अट नाकारली. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला होता, आणि ब्राह्मण्य हे ब्राह्मणाच्याच घरी राहते असे नाही, हे ते जाणून होते. ते आमच्या घरीही मुक्कामाला येते. त्याकडे मी येणारच आहे.

श्रीधर बळवंत टिळक यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. लोकमान्यांचा मुलगा. १९२८ साली त्याने पुण्याच्या गायकवाड वाड्यात, बापाच्या वाड्यात, समाज समता संघाची शाखा काढली, सहभोजन घातले. घरच्या वादांनी त्याला पोखरले होते. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने आगगाडीखाली देह ठेवला. जाण्यापूर्वी त्याने ज्यांना पत्र लिहिले त्यांत बाबासाहेब होते.

आमच्या खानदेशात साने गुरुजी झाले. अमळनेरच्या शाळेत शिकवीत असत. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ते दहा दिवस उपाशी राहिले. आता विठोबाच्या देवळात जाण्याची आम्हाला हौस राहिली नव्हती. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यालाच धर्मांतराची घोषणा केली होती. ज्या दारातून आम्ही निघून चाललो होतो ते दार उघडावे म्हणून गुरुजी प्राण पणाला लावत होते, असे म्हणता येईल आणि तसे म्हणणारे आपल्यात आहेत. पण दाराशी दोन बाजूंची माणसे असतात. आत बसलेल्यांना आपण कोणाला बाहेर ठेवले हे कळण्यासाठी त्यांच्यातल्याच कोणीतरी ओरडावे लागते. गुरुजींनी ते केले, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन केले. एवढे मान्य करायला कंजूषपणा कशाला?

आपल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर काढली, तेव्हा नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लॅक पँथरवरून. त्या काळ्या माणसांच्या लढ्यातली एक हकीकत सांगतो. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटरच्या शर्यतीत टॉमी स्मिथ पहिला आणि जॉन कार्लोस तिसरा आला. दोघे काळे अमेरिकन. पदके घेताना त्यांनी आपल्या देशाचे राष्ट्रगीत चालू असता मान खाली घालून काळे मोजे चढवलेल्या मुठी वर केल्या. ते छायाचित्र जगभर गेले. त्यात त्यांच्या पुढे एक तिसरा माणूस उभा आहे, दुसरा आलेला, ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन. गोरा. त्याने मूठ वर केली नाही. ती मूठ त्याची नव्हती. पण त्याने त्या दोघांनी लावला होता तोच मानवी हक्कांचा बिल्ला मागून घेतला आणि आपल्या छातीवर लावला. त्या एका बिल्ल्यापायी मायदेशी त्याच्यावर टीका झाली आणि पुन्हा त्याला ऑलिंपिकला पाठवण्यात आले नाही. २००६ साली तो वारला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस समुद्र ओलांडून आले आणि त्याच्या शवपेटीला त्यांनी खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची क्षमा मागितली ती २०१२ साली, म्हणजे तो ऐकायला उरला नव्हता तेव्हा. अमेरिकेत त्या प्रसंगाचा पुतळा आहे, त्यात नॉर्मनची जागा रिकामी आहे. त्याचीच इच्छा तशी होती. जो कोणी बघायला येईल त्याने तिथे उभे राहावे.

आता घरी येऊ या.

बंधूंनो, विशेषतः पुरुष बंधूंनो, इथपर्यंत ऐकताना तुम्ही स्वतःला टांग्यात बसलेले पाहिले असेल. ते खरेच आहे. गावाच्या नजरेत तुम्ही टांग्यातले. पण दीक्षा घेऊन घरी आलात, उंबरठा ओलांडला, की तिथे टांगेवाला कोण आहे? गरिबीने त्या टांगेवाल्याची सुटका झाली नाही, तशी तुमचीही होत नाही. तुमच्याखालीही कोणीतरी ठेवलेले आहे. ती तुमची बायको आहे, बहीण आहे, मुलगी आहे.

आपल्या घरातले देव आपण नदीत सोडले. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आले. पौर्णिमेला वंदना होते. पण वंदना कोण म्हणतो? पुढे पुरुष, मागे बायका. मेणबत्त्या आणायच्या त्यांनी, फुले आणायची त्यांनी, गाथा म्हणायच्या तुम्ही. कार्यक्रम संपला की पुरुषांची पंगत आधी बसते, आणि ज्या बाईने पहाटेपासून कळण्याच्या भाकरी थापल्या, भरीत केले, ती शेवटी पातेल्याला चिकटलेले पुसून खाते. आपल्यातलेच काही बंधू मोठ्या अभिमानाने सांगतात की मी बायकोला विहारात येऊ देतो, मी मुलीला शिकू देतो. 'देतो' हा शब्द ऐका. टांगा देतो.

बाबासाहेबांनी या बाबतीत काय केले ते आठवा. जुलै १९४२ मध्ये नागपूरला महिला परिषदेत त्यांनी आपल्या भगिनींना सांगितले की लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची दासी होऊ नका, त्याची बरोबरीची मैत्रीण व्हा. हे बोलणे सोपे होते, असेही कोणी म्हणेल. पण ते कायदेमंत्री झाले आणि हिंदू कोड बिल त्यांनी हाती घेतले. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा, बाईला घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्व. बिल रखडवले गेले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे दिली त्यांत ठळक कारण हे होते. देशाचा पहिला कायदेमंत्री बाईच्या वाट्यासाठी मंत्रिपद सोडतो! ज्या बायकांसाठी सोडले त्यांतल्या बहुसंख्य बायका त्यांच्या जातीच्याही नव्हत्या. लगाम हाती घेणे म्हणजे काय, ते यावरून समजते.

त्यानंतर १९५६ साली वारसा हक्काचा कायदा झाला. तो आपल्यालाही, बौद्धांनाही, लागू आहे. २००५ साली तो सुधारला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. आणि आता आपल्यातला भाऊ काय करतो? बाप गेला की बहिणींना तालुक्याला बोलावतो, हॉटेलात चहा-भजी खाऊ घालतो, एक लुगडे घेऊन देतो आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा उठवतो. सात-बाऱ्यावरून नाव निघते. ती सही करते, कारण नाही म्हटले तर माहेर तुटेल, दिवाळीला कोणी न्यायला येणार नाही. हे गुजर-पाटलांच्या घरी होते तसेच आमच्याही घरी होते. वर पुन्हा तोच भाऊ १४ एप्रिलला संविधानावर बोलतो. दोन एकर कोरडवाहू, तीन भाऊ, त्यात बहिणीला काय द्यायचे, असे म्हणाल. अडचण खरी आहे. पण हेच अगदी टांगेवालाही म्हणाला असता: पोटाचा प्रश्न आहे, गाव माझा टांगा बंद पाडेल. देण्यासारखे थोडेच असताना दिले, तरच काही सोडल्यासारखे होते.

तथागतांच्या संघात बाईसाठी लगाम हाती घेणारा एक माणूस होता. आनंद. राजपुत्र, तथागतांचा चुलतभाऊ. याच आनंदाने एकदा विहिरीवर चांडाळ मुलीकडे पाणी मागितले. ती म्हणाली मी हलक्या जातीची, तेव्हा त्याने मला जात नको, पाणी हवे असे म्हणून ते प्याले. महाप्रजापती गौतमी कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत अनवाणी चालत आली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, विहाराच्या दाराबाहेर रडत उभी. तिला प्रवेश नाकारला गेला होता. आनंदाने तिची बाजू घेतली. एकदा नकार, दोनदा, तीनदा. मग त्याने वेगळा प्रश्न विचारला: बाई अर्हतपदाला पोचू शकते की नाही? तथागत म्हणाले, पोचू शकते. मग तिला बाहेर का ठेवायचे? आणि भिक्खुणी संघ उभा राहिला.

हे आपण सांगतो. पण पुढचे सांगत नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या त्याच संगीतीत, जिथे उपालीचा मान झाला, तिथे आनंदाला जाब विचारण्यात आला. त्याच्यावर जे दोष ठेवले त्यांत हाही होता की तू बायकांना संघात घेण्यासाठी खटपट केलीस. आनंद म्हणाला, यात मला दोष दिसत नाही. तरी वडीलधाऱ्या भिक्खूंचा मान राखून त्याने त्यांचे म्हणणे शिरावर घेतले. एवढी वर्षे सावलीसारखी सेवा केलेल्या माणसाला भर सभेत खाली मान घालावी लागली, आणि तरी ते म्हणणे त्याने मागे घेतले नाही. न्हाव्याला मोठा मानणाऱ्या सभेलासुद्धा बाई जड गेली. जात सोडणे आणि पुरुषपणाचा ताठा सोडणे ही दोन कामे आहेत. एक केले म्हणजे दुसरे आपोआप होत नाही. जे अर्हतांच्या सभेत झाले नाही ते दीक्षेच्या दिवशी पांढरे कपडे घातल्याने आपल्यात होईल, असे समजू नका.

बाई घरातलीच असते. घराबाहेरही आपल्या खालच्या पायऱ्या आपण अजून मोजतो. मातंग कुटुंबाने दीक्षा घेतली तर टाळ्या वाजवतो, पण त्यांच्या घरी सोयरीक करायची म्हटली की पोटजात आठवते. आपल्यापैकी कित्येकांच्या शेताला लागून भिलाटी आहे. त्या भिल्लाच्या घरी पाणी पिताना आपला हात क्षणभर थांबतो की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. चाळीसगावच्या फरशीवर कोणी फेकले गेले तर ते भाडे न मिळालेल्या टांगेवाल्यांमुळे नव्हे, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

चाळीसगावापासून घाट चढून गेले की पितळखोऱ्याची लेणी लागतात. मुलांना एकदा घेऊन जा. दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. पैठणचा अत्तरविक्या आहे, मूर्ती घडवणारा कान्हदास सोनार आहे. आणि मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरची नावे आहेत. त्यात त्याच्या मुलाचे नाव आहे, तसेच त्याच्या मुलीचेही, दत्तेचे, वेगळे. बापाच्या किंवा भावाच्या दानात तिचे नाव घुसडलेले नाही. तिचे दान तिच्या नावाने दगडात कोरले आहे. खुद्द मगिल वैद्यही आपली ओळख आईवरून सांगतो, वात्सीचा पुत्र म्हणून. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालायचे ठरवले, तेव्हा काही लोकांना हे नवे खूळ वाटले. पितळखोऱ्याच्या भिंतीला ते नवे वाटले नसते.

भगिनींनो, शेवटी तुमच्याशी बोलायचे आहे, आणि तुमच्याबरोबर पुन्हा पुरुषांशी.

त्या दिवशी चाळीसगावला लगाम हाती घेतलेल्या आपल्या माणसाचा विचार मी पुष्कळदा करतो. त्याचे नाव इतिहासात नाही. बाबासाहेबांनीच लिहिले आहे की त्यांचा मान राखण्यासाठी आपल्या मंडळींनी त्यांचा जीव धोक्यात घातला. ते बरोबर आहे. पण त्या बिचाऱ्याला टांगा येत नव्हता तो त्याचा गुण नव्हता की दोष नव्हता. त्याच्या जातीच्या माणसाला कधी कोणी लगामाला हात लावू दिला नव्हता. ज्या कामापासून माणसाला पिढ्यान्पिढ्या दूर ठेवले, ते काम पहिल्याच दिवशी त्याच्यावर टाकायचे, तेही वळणावर, आणि पडला की म्हणायचे, पाहा, यांना जमत नाही!

विहार समितीत हेच होते. कायद्याला किंवा लाजेला भिऊन एका बाईला खजिनदार करतात. वही तिच्या हाती देतात. पावती कशी फाडायची, बँकेत कोणाच्या सह्या लागतात, मागील वर्षाची शिल्लक कुठे आहे, काही सांगत नाहीत. आषाढी पौर्णिमेच्या सभेत हिशेबात दोनशे रुपये जुळत नाहीत, आणि मग कोपऱ्यातून कोणीतरी हसतो. पुढच्या वर्षी वही पुन्हा त्याच जुन्या दादांकडे.

म्हणून ज्या गावी यंदा समिती नव्याने निवडायची आहे, त्या गावच्या उपासकांना एवढे सांगणे आहे. खजिन्याची वही एखाद्या उपासिकेकडे द्या. जुन्या खजिनदाराने तीन महिने तिच्या शेजारी बसावे, पुढे नाही. पैसे तिनेच मोजावेत. बँकेत ती जाईल तेव्हा त्याने तिच्याबरोबर जावे, आणि कारकुनाने त्याच्याकडे पाहून बोलायला सुरुवात केली तर 'यांना विचारा' म्हणून गप्प बसावे. वर्षावासात ग्रंथवाचन लावाल तेव्हा एक दिवस पुरुषाने आणि एक दिवस बाईने वाचावे, आणि बाई वाचताना अडखळली तर पुढचा शब्द कोणी ओरडून सांगू नये. ज्या भावांनी बहिणींची हक्कसोडपत्रे करून ठेवली आहेत पण अजून फेरफार पडलेला नाही, त्यांनी तलाठ्याकडे जाण्याआधी एकदा बहिणीच्या घरी जावे, कागद बरोबर घेऊन.